मस्टरप्रमाणे हेल्पर

४ जुलै, शुक्रवार

ही डायरी बेअरिंगवाल्याने जानेवारीत दिली. सहा महिने तिच्यावर डब्याची पिशवी ठेवत होते. आज उघडली, कारण डोकं ठिकाणावर नाही आणि कारखान्यात माझं ऐकून घेणारं कुणी नाही. ह्यांच्या फोटोशी बोलायची मला सवय नाही. जिवंतपणी तरी कुठे उत्तर द्यायचे!

जुनेद चाललाय. ऑस्ट्रेलियाला.

जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये आला, हात पुसत उभा राहिला. "काकू, बोलायचं होतं." आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. मेलबर्नच्या जवळ मोल्ड, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे, बनवणारी कंपनी आहे. बाहेरून माणूस आणायचा तर तिकडे कंपनीला सरकारदरबारी जामीन राहिल्यासारखं राहावं लागतं, त्याला स्पॉन्सर म्हणतात. कंपनी टूलमेकरच्या, मोल्ड घडवणाऱ्या कारागिराच्या, जागेसाठी याचं नाव पाठवणार, ते मंजूर झालं की व्हिसा. पण इथल्या मालकाचं पत्र हवं. हा टूलमेकर आहे, पाच वर्षं पूर्ण वेळ आहे, अमुक अमुक काम करतो, खाली सही, शिक्का, फोन.

"बाकी सगळं झालंय, काकू. इंग्रजीची परीक्षासुद्धा दुसऱ्यांदा देऊन पास झालो. फक्त तुमचं पत्र."

मी म्हटलं, "बघते."

पुण्यात 'बघते' म्हणजे काय ते घोरपडे पेठेत जन्मलेल्या मुलाला सांगावं लागत नाही. मान हलवून गेला.

जाऊ देऊ कसं? मिक्सरच्या झाकणांचे दोन मोल्ड दसऱ्यापर्यंत द्यायचेत. शेवटचं मॅचिंग, म्हणजे निळा रंग लावून दोन अर्ध्या भागांत केसभर फट राहिली नाही ना ते बघणं, ते फक्त याच्याच हातचं. बाकीचे दोघे फाइल अशी धरतात की पोळी लाटतायत. हे गेल्यावर दोन वर्षं गाळा चालला तो मी चालवला म्हणून, असं मी सोसायटीत सांगते. चालला जुनेदमुळे.

९ जुलै, बुधवार

पत्राची आठवण केली त्याने. मी म्हटलं, लेटरहेड संपलेत, छापायला दिलेत. कपाटात पाचशे पडून आहेत. एकसष्टाव्या वर्षी कागदाबद्दल खोटं बोलले मी. लाज वाटली, पण फार नाही.

१५ जुलै, मंगळवार

आज मैनुद्दीनभाई स्वतः आले. जुनेदचे वडील. ह्यांनी एकोणनव्वद साली पहिलं मशीन घेतलं तेव्हापासून आमच्याकडे. पाच वर्षांपूर्वी गुडघ्यांनी बसवलं त्यांना घरी. स्वारगेटहून बस पकडून धायरीला आले, जिना चढले, माझ्या बीपीची चौकशी केली, चहा घेतला. उठताना फक्त म्हणाले, "वहिनी, पोराचं पत्र तेवढं."

त्यांच्यासमोर लेटरहेडची गोष्ट सांगायची हिंमत झाली नाही. ते खाली उतरायच्या आत टाइप करायला घेतलं. सात वर्षं टूलमेकर, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, डाय, मोल्ड, ग्राइंडिंग, मॅचिंग, सगळं. शब्द न् शब्द खरा. सही केली, गोल शिक्का मारला. जुनेदने पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं आणि वाकून नमस्कार करायला लागला. त्यांच्यात करत नाहीत. मीच ओशाळले.

चार वाजता अवधूत आला. ह्यांचा पुतण्या, आमचं कामगार खात्याचं कागदपत्र तोच बघतो. टेबलावरची प्रत उचलून म्हणाला, "काकू, हे काय? मस्टरला तो हेल्पर आहे."

मला काय माहीत नाही? हजेरीचं मस्टर मीच भरते. आमच्या इकडच्या गाळ्यांत असंच चालतं. माणूस हेल्पर म्हणून लागतो, हात बसतो, कारागीर होतो, आणि मस्टरचा रकाना आहे तिथेच. रकाना बदलला की कुशल कामगाराचा दर द्यावा लागतो. त्यापेक्षा दिवाळीला वरून काही दिलं की तोंडं गोड राहतात. ह्यांनी तसंच केलं, मीही तसंच करते. शेजारच्या गाळ्यात जाऊन बघावं कुणीही.

अवधूतला म्हटलं, "अरे, ऑस्ट्रेलियातनं मस्टर बघायला कोण येतंय!"

१ ऑगस्ट, शुक्रवार

आले. म्हणजे मेल आला. सकाळी कॉम्प्युटर उघडला तर सगळ्यात वर. तिकडच्या व्हिसा कार्यालयाचा. जुनेद मैनुद्दीन शेख हे आपल्याकडे कोणत्या पदावर आहेत, आणि सोबतचं पत्र आपण दिलं आहे का. दोनच प्रश्न.

मेल दोनदा वाचला. अवधूतला फोन केला. मी विचारलं असं, "टूलमेकर लिहिलं तर आपण अडकू ना रे?" तो म्हणाला, अडकू शकतो, रेकॉर्डप्रमाणे उत्तर द्या. झालं. दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही.

लिहिलं: आमच्या मस्टरप्रमाणे ते हेल्पर आहेत. पत्र त्यांच्या विनंतीवरून दिले होते.

दोन्ही वाक्यं खरी आहेत. कुठल्याही कोर्टात उभी राहतील. पाठवून दिलं, मग खाली जाऊन मशीनवर जुनेदचं काम बघत उभी राहिले. तो म्हणाला, "काकू, परवा एक नंबरचं मॅचिंग सुरू करतो." मी म्हटलं, "छान."

डबा उघडला नाही आज.

३ ऑगस्ट, रविवार

विचार केला. मी खोटं काय लिहिलं? खोटं तर मस्टर आहे. मग मी मस्टरप्रमाणे लिहिलं म्हणजे... जाऊ दे.

त्यांना संशय आला तर फार तर आणखी एक कागद मागतील. सरकारी कचेऱ्या सगळीकडे सारख्याच. दसरा होऊ दे, मोल्ड जाऊ देत, मग मीच नीट खुलासा करून देईन त्याला.

११ ऑगस्ट, सोमवार

कागद नाही मागितला. नोटीस पाठवली.

जुनेद दुपारी आला, हातात छापील कागद. पहिलं पान माझ्यासमोर ठेवलं. मालकाचं अनुभवपत्र खोटं असल्याचं दिसतं. अठ्ठावीस दिवसांत खुलासा करा. नाही केला तर व्हिसा नामंजूर, आणि खोटा कागद दिल्याबद्दल तीन वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही. खोटं पत्र! माझ्या सहीचं, माझ्या शिक्क्याचं. उभ्या आयुष्यात तेवढं एकच खरं पत्र मी या माणसाबद्दल लिहिलं होतं.

"असं कसं झालं असेल?" हे मी विचारलं. माझ्याच तोंडाने.

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "कळेल." पाठीमागे आणखी दोन पानं होती, ती त्याच्या हातातच राहिली. नेहमीची कलमं असतील. मी मागितली नाहीत.

"आठ सप्टेंबरपर्यंत आहे मुदत," म्हणाला, आणि खाली कामाला गेला. इतर कुणी असता तर त्या दिवशी हत्यार हातात धरलं नसतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आल्या आल्या दारातून म्हणाला, "पंचवीस दिवस." आणि गेला. बिचारा, मन मोकळं करायला दुसरं कोण आहे त्याला इथे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

"अठरा दिवस, मॅडम."

हल्ली मॅडम म्हणतो. नवीन पोरं म्हणतात, त्यांचं ऐकून लागली असेल सवय. केबिनमध्ये चहालाही थांबत नाही, अ‍ॅसिडिटी होते म्हणाला. मी घरून गोळ्यांची पट्टी आणून दिली. घेतली, खिशात टाकली. काम मात्र असं की एक नंबरचा मोल्ड मिटवला तर दोन भागांतली रेघ बोटाला लागत नाही. रागाने, दुःखाने काम बिघडतं म्हणतात. याचं सुधारलं.

खाई त्याला खवखवे. मला हल्ली त्याची पावलं जिन्यावर ओळखू येतात आणि मी उगाच बिलं उघडून बसते.

खुलासा लिहायला आज दोनदा बसले. 'आमचे मस्टर चुकीचे आहे' इथपर्यंत लिहिते आणि पुढे हात चालत नाही. सात वर्षं याला हेल्पर दाखवून राबवला, हे स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं! उद्या कामगार खात्याचा माणूस हाच कागद घेऊन दारात उभा राहिला तर? गाळा बंद पडला तर बाकीच्या दोघांचं काय? हे दोघे कालपर्यंत माझ्या हिशेबी फाइल धरायच्या लायकीचे नव्हते. आज त्यांचा पुळका आलाय मला.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. आमच्या मुलाने, आमोदने, जर्मनीहून व्हिडिओवर दर्शन घेतलं. पोराला मुखवटे लांबून दाखवले तर म्हणतो, जरा डावीकडे ग आई. मग जुनेदचं विचारलं. लहानपणी सुट्टीत दोघं गाळ्यात पतंग करत बसायचे. मी सगळं सांगितलं. म्हणजे माझा मेल सोडून सगळं.

"मग तू लिहून टाक की, मस्टर चुकलंय, हा टूलमेकरच आहे."

"रेकॉर्डच्या बाहेर कसं लिहू? उद्या माझ्यावर येईल."

हसला. "माझं लिहिलं होतंस की."

फोन ठेवल्यावर गौरींसमोर बसून राहिले. आमोदच्या वेळी मी पत्र दिलं होतं, दोन वर्षं प्रॉडक्शन इंजिनिअर. दोन वर्षांत हा गाळ्यात आला अकरा शनिवार, आणि त्यातले निम्मे मोबाइलवर. तिकडून फोनही आला होता खात्री करायला. मी काय म्हटलं होतं? "व्हेरी सिन्सिअर." चटकन, न अडखळता. तेव्हा अवधूतला विचारलं नाही, मस्टर आठवलं नाही. आपला तो बाब्या!

रेकॉर्डची भीती नव्हती मला. जुनेद जायला नको होता, एवढंच होतं. हे लिहायला दोन महिने लागले.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरींचं विसर्जन आटोपून दुपारी घोरपडे पेठेत गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जुनेदने अर्धा दिवस रजा टाकली होती. त्याची बायको फरहत, हिला सहावा महिना, तिने खुर्ची पुसून दिली. मैनुद्दीनभाई कॉटवर पाय लांब करून बसले होते.

रिक्षात वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते विसरले. म्हटलं, "मैनुद्दीनभाई, ती नोटीस माझ्यामुळे आली. मला तिकडून विचारलं तेव्हा मी हेल्पर म्हणून कळवलं. जुनेद जाऊ नये म्हणून कळवलं."

कुणीच दचकलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

फरहत आत गेली, कागद घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवला. नोटिशीचं तिसरं पान. त्यावर माझा मेल, जसाच्या तसा. तारीख, वेळ, आमच्या गाळ्याचं नाव श्याम टूल्स, खाली माझं नाव.

"अकरा तारखेलाच वाचला आम्ही," जुनेद म्हणाला.

तीन आठवडे. तीन आठवडे हा माणूस रोज माझ्या दारात येऊन दिवस मोजत होता आणि मी त्याला अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देत होते!

"मग बोलला का नाहीस? भांडायचं होतंस! दोन शिव्या घालायच्या होत्यास!"

"मी घालणारच होतो. अब्बा थांब म्हणाले."

मैनुद्दीनभाई जमिनीकडे बघत होते. "मी म्हटलं, वहिनी आपण होऊन सांगतील. विचारलं तर माणूस दबून सांगतो. साहेबांच्या घरातलं माणूस आहे, सांगणार." मग म्हणाले, "फरहत म्हणत होती, नाही सांगणार."

फरहत उठून आत गेली. चहा आणला, माझ्यासाठी बिनसाखरेचा. बीपीबरोबर मला शुगरही आहे, हे या घरात माहीत होतं. कप खाली ठेवला. रडले. एकसष्ट वर्षांची बाई, दुसऱ्याच्या घरात जाऊन आपल्याच पापासाठी रडते, आणि त्यांनी समजूत घालायची की काय! कुणी घातली नाही. बरं झालं.

निघताना जुनेद जिन्यापर्यंत आला. "सहा दिवस आहेत, मॅडम. आता रडू नका. लिहा."

४ सप्टेंबर, गुरुवार

प्रतिज्ञापत्र झालं. शिवाजीनगर कोर्टाबाहेर रांगेत उभं राहून नोटरी केली. लिहिलं ते असं, की जुनेद शेख सात वर्षं माझ्याकडे टूलमेकरचंच काम करतात. मस्टरमधली 'हेल्पर' ही नोंद चुकीची आहे. ती चूक नजरचुकीने झालेली नाही, कमी दर द्यावा लागावा म्हणून मी जाणूनबुजून ठेवली. आणि एक ऑगस्टचा माझा मेल दिशाभूल करणारा होता. सोबत त्याने केलेल्या बावीस मोल्डांचे फोटो, गिऱ्हाइकांची पत्रं.

अवधूत लालबुंद. "काकू, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा!"

"हो. तुझा हात लागणार नाही, काळजी करू नकोस. आणि सगळ्यांचे रकाने नीट करून आण. या महिन्यापासून."

"मागचे कुणी विचारले तर?"

"तर सांगेन."

जुनेदने माझ्यासमोर कागद स्कॅन केले, पाठवले. थँक यू म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला सोसलं नसतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. मशिनं धुतली, झेंडूच्या माळा घातल्या. दोन्ही मोल्ड कालच गेले, दसऱ्याच्या दोन दिवस आधी. गिऱ्हाइकाचा फोन आला, असं मॅचिंग बघितलं नाही म्हणून. ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते मिळालं मला. जुनेदने प्रसाद घेतला. तिकडून उत्तर नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उत्तर आलं. खोट्या कागदाचा ठपका काढला. तीन वर्षांची बंदी नाही.

पण जागा गेली. कंपनी म्हणते, आम्हाला माणूस सप्टेंबरात हवा होता, एवढं थांबता आलं नाही, दुसऱ्याचं नाव पाठवलं. आणि कंपनीने नाव पाठवल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकतच नाही. आता दुसरा स्पॉन्सर शोधायचा, पुन्हा पहिल्यापासून.

जुनेद उभ्यानेच सांगत होता. मी म्हटलं, "चुकले रे. माफ कर."

"माफीचं बघू नंतर," म्हणाला. 'बघू.' माझंच मला परत आलं, आणि योग्यच आलं. मग म्हणाला, एक तारखेपासून चाकणच्या एका टूलरूममध्ये लागतोय. नेमणुकीच्या कागदावर पहिल्याच ओळीत टूलमेकर लिहिलंय. तिथे वर्षभर करून पुन्हा अर्ज करणार. मी थांब म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

३ नोव्हेंबर, सोमवार

आज जुनेदशिवाय पहिला सोमवार. अकरा वाजता जिन्यावर पावलं वाजली, एकेक पायरी थांबून. मैनुद्दीनभाई.

मला वाटलं, पोराचं काहीतरी राहिलं असेल. खुर्ची दिली, पाणी दिलं. ग्लास रिकामा केला. मग म्हणाले, "वहिनी, मलाही एक पत्र पाहिजे."

"तुम्हाला? कुठे द्यायचंय?"

"कुठे नाही. घरात ठेवीन. पोराने तुमचं ते अ‍ॅफिडेव्हिट वाचून दाखवलं. टूलमेकरचंच काम करतात, असं. माझ्याबद्दल कुणी कधी लिहिलं नाही तसं."

माळ्यावरची जुनी मस्टरं काढली. एकोणनव्वद ते दोन हजार वीस. एकतीस वर्षं. दर महिन्याला तेच नाव आणि पुढे तोच शब्द. आधी ह्यांच्या टपोऱ्या अक्षरात, शेवटची बारा वर्षं माझ्या. हे चार लोकांत अभिमानाने सांगायचे, मला फाइल धरायला मैनुद्दीनने शिकवलं. आणि घरी येऊन त्याच हाताने हेल्पर लिहायचे. मी जेवायला वाढायचे. आम्हा दोघांना कधी घास अडकला नाही.

टाइप करायला बसले. कामाला लागल्याची तारीख त्यांनी वारासकट सांगितली. मी 'कुशल टूलमेकर' लिहिलं. वाचून दाखवल्यावर म्हणाले, "कुशल काढा, वहिनी. टूलमेकर म्हटलं की आलं त्यात."

काढलं. सही केली. शिक्का मारला, तो थोडा तिरका बसला. दुसरं छापते म्हटलं तर नको म्हणाले. चष्मा लावून स्वतः एकदा वाचलं, घडी न घालता पिशवीत ठेवलं. दारात जाऊन वळले.

"कुणी फोन करून विचारलं, तर हेच सांगाल ना?"

सदुसष्ट वर्षांचा माणूस. गुडघे गेलेले. त्यांच्याबद्दल जगात कोण फोन करणार आहे मला! पण ते थट्टा करत नव्हते. उत्तरासाठी थांबले होते.

"हेच सांगेन," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग कठड्याला धरून खाली उतरायला लागले. मी मागे गेले नाही. शेवटची पायरी उतरेपर्यंत दारात उभी होते.